ठोका सरळ होईपर्यंत

मालिनीच्या भावाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी शेवटी विरघळेल या आशेवर कुणी बसायला नको. गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण राग अजून खणखणीत आहे.

अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगीत मला सगळे माई म्हणतात. मुलगा मधू रंगाच्या कारखान्यात ऑफिसर, आणि मालिनी माझी सून. तिला लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, आणि जाता जाता त्यानं तिच्या काळजाची एक झडप खराब करून ठेवली होती. आम्हाला ते कळलं लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, ती दोन जिने चढून आली आणि भाजीची पिशवी हातात घेऊन उंबऱ्यावरच बसली तेव्हा. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, झडप बदलावी लागेल, धातूची बसवू. एक्क्याण्णव सालची गोष्ट.

ऑपरेशनला ताजं रक्त हवं होतं, तेही तिच्याच गटाचं. तिचे आईवडील नाहीत. माहेर म्हणजे बदलापूरला मांजर्लीत राहणारा थोरला भाऊ बाळ आणि त्याची बायको नीलिमा, एवढंच. बाळचा गट जुळला. हॉस्पिटलात सगळ्यांच्या देखत तिचा हात धरून तो म्हणाला, "मालू, मी आहे ना. लागेल तेवढं रक्त घेऊ दे." ती इतकी रडली की नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

आणि रक्त द्यायच्या दिवशी बाळ फिरकलाच नाही.

मधूनं हॉस्पिटलातून फोन केला तो खाली झामनदासांकडे, कारण बिल्डिंगीत फोन तेवढाच. झामनदासांचं उल्हासनगरला कापडाचं दुकान. तोवर आमचं त्यांच्याशी नातं म्हणजे जिन्यातला नमस्कार आणि त्यांच्या टीव्हीच्या आवाजाबद्दल मी केलेल्या दोन तक्रारी. मी फोनवरच रडायला लागले. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि मधूला विचारलं, "ग्रुप कौनसा है, वो बोलो." मग धाकटा भाऊ आणि दुकानातली दोन माणसं फियाटमध्ये कोंबून ते मुंबईला गेले. त्यांचं आणि भावाचं रक्त चाललं. संध्याकाळी परत आल्यावर मी हात जोडले, तर म्हणाले, "माईजी, खून तो फिर बन जाएगा. बहू कहाँ से लाओगे?"

दुसऱ्या दिवशी मालिनी टेबलावर होती. मधू तिकडे, मी घरी देवापुढे. दुपारी बेल वाजली. दारात बाळ.

मला वाटलं, उशिरा का होईना, शरमेनं आलाय. आत येऊन पाणी प्यायला. रक्ताचं काय झालं म्हणून मी विचारण्याआधीच म्हणाला, "माई, मला सुई बघितली की गरगरतं हो. आणि नीलिमा म्हणाली, तुम्हाला आधीच अशक्तपणा, तुम्ही नका देऊ." मग पायाशी ठेवलेली कापडी पिशवी त्यानं माझ्याकडे सरकवली. "हे जवळ असू दे. ऐनवेळी धावपळ नको."

पिशवीत हिरवं लुगडं होतं. हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी, फणी. सवाष्ण बाई गेली की तिला जे नेसवून, लेववून पाठवतात ते सगळं. शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ही आपल्याकडची रीत. ती या शहाण्यानं बहीण जिवंत असताना, तिची छाती उघडी असताना, पाळून टाकली. रक्त मागितलं तर कफन घेऊन आला!

मी त्याला हाकलून का दिलं नाही? कारण त्या घटकेला माझी सून मरणाच्या दारात होती, आणि तोंडातून एक वाईट शब्द काढायची माझी छाती झाली नाही. पिशवी घेतली, माझ्या कपाटात माझ्या लुगड्यांखाली दडपली. तो गेल्यावर मात्र देवाला सांगितलं, हिला परत आण, आणि ह्याला माझ्या हाती दे.

देवानं पहिलं ऐकलं. मालिनी घरी आली, छातीवर उभी शिवण घेऊन. खोकला आला की उशी घट्ट धरायची, बादली उचलायची नाही, कूस बदलताना कुणीतरी हात द्यायचा. आणि तिच्या छातीतून आवाज यायचा. टिक, टिक. मनगटी घड्याळ कानाशी धरल्यावर येतो तसा. पंखा बंद असला की खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू यायचा. मधूला त्यानं झोप लागेना. मला तो आवाज आवडला. सून घरात कुठे आहे ते न बघता कळायचं.

बाळला उघडं पाडायचं मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. त्यात आमच्या सूनबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "माझ्या अंगात आता दादाचं रक्त आहे. अर्धी मी तोच आहे." मधूनं तिला खरं सांगितलं नव्हतं. बाळ दोनदा मोसंबी घेऊन आला, कॉटपाशी बसला, आणि हे त्याच्या समोर बोललं गेलं. यानं काय करावं? मान खाली घालून म्हणाला, "त्यात काय एवढं, मालू." त्याच्यासाठी आणलेला चहा मी तसाच आत परत नेला.

जाताना स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "माई, ते... टाकून द्या ना आता."

"टाकायचं कशाला?" मी म्हटलं. "माहेरची वस्तू आहे. जपून ठेवलीय."

उद्याच सांगते हिला, असं म्हणून मी त्या रात्री झोपले. सकाळी तांदूळ निवडत बसले होते, आणि माझा हात ताटातच थांबला. टिकटिक चुकत होती. नवशिकी बाई शिलाई मशीन चालवते तशी. तीन टाके भरभर, मग थांबली, मग एकच, मग पुन्हा धावत सुटली. मालिनी उशी पोटाशी धरून बसली होती, ओठ पांढरे. "माई, आत काहीतरी फडफडतंय," म्हणाली.

डॉक्टर आले. त्यांनी एका हातानं तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं छातीवर नळी लावली. छातीत ठोके जास्त पडत होते, मनगटात कमी पोचत होते. कार्डिओग्राम काढून म्हणाले, झडपेला काही झालेलं नाही. पण बाकीचं हृदय वर्षानुवर्षं ताणलं गेलंय, त्याचा ठोका घसरलाय. ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं, घाबरू नका. एक गोळी ठोक्याला लगाम घालायला, एक रक्त पातळ ठेवायला, म्हणजे आत गुठळी धरून ती डोक्याकडे जायला नको. रक्ताची तपासणी चुकवायची नाही. पालेभाजी खा, पण एक दिवस ढीगभर आणि चार दिवस काहीच नाही, असं करू नका.

मग गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात भांडणं होतात?"

मधूनं माझ्याकडे बघितलं.

"होतात," मी म्हटलं. "पण सवयीची."

"मग सवयीचीच ठेवा. नवा धक्का नको. ठोका सरळ होईपर्यंत तरी."

झालं. बाळ वाचला. मी दात आवळून माझा राग लोणच्यासारखा बरणीत घातला आणि वर दादरा बांधला. मुरू दे म्हटलं.

पण कपाटाची किल्ली मी कमरेला लावत नाही, हीच चूक झाली. ब्लाउजचं हूक शिवणीवर घासतं म्हणून मऊ जुनं कापड शोधायला मालिनीनं माझं कपाट उघडलं. मी स्वयंपाकघरातून आले तर ती कॉटवर बसलेली, मांडीवर हिरवं लुगडं, पुढे बांगड्या आणि कुंकवाची पुडी मांडलेली. बाईमाणसाला हे वाचायला शिकावं लागत नाही.

"हे कुणी आणलं?"

आवाज चढला नव्हता, पण टिकटिक मला दारातूनच ऐकू आली. पळत होती, अडखळत होती. खरं सांगितलं असतं तर? आईबाप नसलेल्या पोरीचं एकुलतं माहेर त्या पिशवीत होतं. भावाबद्दल हे ऐकणं त्या काळजाला पेललं नसतं. सासूवरचा राग मात्र सुनेच्या काळजाला चांगला सवयीचा असतो.

"मी आणलं," मी म्हटलं.

तिनं बांगड्या आणि पुडी पिशवीत परत भरली. मग लुगड्याची घडी घालून म्हणाली, "वाटलंच." चौदा वर्षं माझ्या हातचं जेवून पोरगी "वाटलंच" म्हणाली. ते मला लागलं, अजून लागतं. त्याचंही खातं मी बाळच्याच नावावर घातलं.

त्यानंतर मालिनीनं जो सूड घ्यायला सुरुवात केली, तो बघून मला, खरं सांगते, तिचा अभिमान वाटला. तिनं लुगडं टाकलं नाही. कोपऱ्यावरच्या बाईकडून त्याला फॉल लावून घेतला आणि ती ते नेसायला लागली. आधी घरात. मग गौरीच्या जेवणाला, पंचवीस बायकांसमोर. कुणीतरी म्हणालं, छान आहे गं साडी. लगेच ही म्हणाली, "माईंनी घेतली. ऑपरेशनच्या आधीच घेऊन ठेवली होती. बघा ना, किती विश्वास!" बायका म्हणाल्या, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. मी पुरण वाढत राहिले.

बाळनं खरेदीही कंजूषपणाचीच केली होती. कच्चा रंग. घाम आला की तिची मान हिरवी व्हायची. जाळायला एकदाच नेसवायचं, पक्का रंग कशाला हवा! मी ते लुगडं मिठाच्या पाण्यात भिजवून रंग बसवला, सावलीत वाळवलं, कांजी केली. ती दारात उभी राहून बघायची. "जपताय हो फार," म्हणायची. "लागेल ना पुढे."

"लागेल," मी म्हणायचे. मला ते कशाला लागणार होतं, ते मला माहीत होतं.

राग तिला मानवला. सकाळी मला चार टोमणे मारायचे म्हणून उठून बसायची, नीट जेवायची, गच्चीपर्यंत चालायची. मी तांदूळ निवडत तिच्या छातीचं मशीन ऐकायचे. कधी दोन दिवस सरळ शिवण पडायची, मग तिसऱ्या दिवशी पुन्हा उसवायची. तसं झालं की मी उपास धरायचे आणि बाळला शिव्या द्यायचे. दोन्हीनं बरं वाटायचं. दसऱ्याच्या सुमाराला मात्र शिवण एकसारखी पडायला लागली. रोज कान लावला, टाका चुकला नाही.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मनगट धरलं, नळी लावली, कार्डिओग्रामची पट्टी खिडकीशी धरून बघितली आणि हसले. छातीतले ठोके आणि मनगटातले ठोके जुळले होते. गोळ्या चालूच ठेवायच्या, पण ठोका सरळ.

ती बाहेर गेल्यावर मी मागे राहिले. "डॉक्टर, आता हिला धक्का सोसेल?"

"कसला धक्का?"

"भाऊबीजेला भावाकडे न्यायचंय. बदलापूरला."

"न्या की! भावाकडे कसला धक्का आलाय, माई?"

मी तिच्या कागदांची पिशवी उचलली आणि बाहेर पडले.

भाऊबीजेला तेच लुगडं नेसून जायचं, हे मालिनीनं स्वतःच ठरवलं होतं. माझ्यावर सोडायला राखून ठेवलेला तो शेवटचा बाण होता. सासूनं काय करून ठेवलं होतं ते भावाला दाखवायचं, आणि भावानं सासूच्या पदरात माप घालायचं. आदल्या दिवशी लुगड्याला इस्त्री मीच करून दिली, सकाळी निऱ्या मीच धरल्या. झामनदास म्हणाले, रिक्षात हाडं खिळखिळी होतील, मी फियाट काढतो. मधूला ड्यूटी होती. आम्ही दोघी मागे बसलो. ती तिच्या खिडकीतून बाहेर, मी माझ्या, आणि मधे टिकटिक, अगदी सरळ.

बाळच्या घरात पावसाळ्यात नदी शिरून गेली होती. भिंतीला गुडघ्याएवढी ओल अजून होती आणि सोफा विटांवर चढवलेला होता. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. बाळ टोपी घालून पाटावर बसला होता. मालिनी निरांजन घेऊन समोर आली. त्यानं वर बघितलं, आणि टोपीखालचा चेहरा उतरला.

"ओळखलीस का साडी?" मालिनी म्हणाली. "नाही ओळखणार. मी टेबलावर होते ना, तेव्हा माईंनी आणून ठेवली होती. बांगड्या, कुंकू, सगळं. कशासाठी, ते विचार त्यांना."

ही त्याची घटका होती. मी त्याला दिलेली. तो म्हणू शकला असता, मालू, चुकलो. मी वाट बघितली. देवाशपथ, मी वाट बघितली.

बाळनं घसा साफ केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माई, हे काही बरं नाही केलंत. जिवंत माणसासाठी असं कुणी आणतं का?"

मला हसू आलं. इतका सुंदर हाती सापडला होता.

"बाळ," मी म्हटलं, "तुझ्या बहिणीचा ठोका आता सरळ आहे. डॉक्टरांनी पट्टी काढून सांगितलंय. आता मला बोलता येतं. मी बोलू, का तू बोलतोस?"

त्यानं नीलिमाकडे बघितलं. बोलली ती नीलिमा, करंज्यांचं ताट हातात घेऊन, घाबऱ्या घाबऱ्या. "वन्सं, आम्ही चांगल्या मनानंच आणलं होतं हो! शेवटचं लुगडं माहेरचंच लागतं ना. लोक काय म्हणाले असते? यांना सांगितलं मी, वेळेला नडायला नको..."

पंखा बंद होता. खोलीत फक्त टिक, टिक.

"दादा?" मालिनी म्हणाली. त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली. मग तिनंच घाईघाईनं त्याला हात द्यायला बघितला. "असू दे. रीत आहे. पण रक्त तर तू दिलंस ना? ते तर दिलंस?"

तेव्हा माझं काळीज हललं, नाही असं नाही. पण थांबायला मी तिथे आले नव्हते.

"तुझं रक्त बाहेर उभं आहे," मी म्हटलं. "गाडीची काच पुसतंय."

तिनं खिडकीतून बघितलं. झामनदास फडक्यानं काच पुसत होते. मला भीती वाटली, आता घसरेल, आता उसवेल. कान टवकारून मी उभी. एक टाका चुकला. पुढचे सगळे सरळ पडले.

मग तिनं निरांजनाचं ताट त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. ओवाळलं नाही. बाळनं हात पुढे केला, हातात ओवाळणीच्या साडीचा खोका. "मालू, हे घे. मालू, आजच्या दिवशी तरी..."

"शेवटचं लुगडं दिलंस ना, दादा?" ती म्हणाली. "त्यानंतर माहेरचं काही अंगाला लावायचं नसतं. ऊठ. उगाच बसलायस."

यमद्वितीयेच्या दिवशी बहिणीनं न ओवाळलेला भाऊ पाटावर तसाच बसला होता. सुईला घाबरणारा माणूस. आता वर्षभर प्रत्येक शिंकेला घाबरेल. त्याच्या कपाळाला टिळा नव्हता, हे मी डोळे भरून बघून घेतलं. इतक्या महिन्यांची बरणी उघडली होती, आणि चव अगदी हवी तशी उतरली होती.

गाडीत बसताना मालिनी झामनदासांसमोर उभी राहिली. तिनं वाकून नमस्कार केला. ते गडबडले, "अरे बेटी, ये क्या," म्हणत मागे सरले आणि गाडीवर आदळले.

अंबरनाथच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. इस्त्री करून दिलीत."

"हो."

"सूड घेतलात."

"घेतला."

"तुमचा सूड झाला, माई. माझं माहेर गेलं."

मी तिचं मनगट धरायला हात पुढे केला. तिनं तो झटकला. थोड्या वेळानं स्वतःच मनगट माझ्या मांडीवर आणून ठेवलं, तोंड खिडकीकडेच. मी नाडी धरून बसले. ठोका जड होता, पण सरळ होता. ती रडत होती.

घरी आल्यावर तिनं ते लुगडं सोडलं, स्वतः मिठाच्या पाण्यात बुडवलं, मला हात लावू दिला नाही. वाळल्यावर घडी घातली आणि माझं कपाट उघडून, माझ्या लुगड्यांखाली, होतं तिथेच ठेवलं.

"राहू दे इथे," म्हणाली. "वेळेला हेच नेसवायचं, दुसरं आणायचं नाही. पण एक सांगून ठेवते. मी तुमच्या आधी जाणार नाही. तुम्ही मला भावासमोर उभं करून रडवलंत. तुम्हाला पोचवून, तुमचं तेरावं नीट करून, मगच जाईन."

"असंच कर," मी म्हटलं, आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं.